गालावरचा नगर जिल्हा

आत्मचरित्र लिहायला केस पांढरे लागतात, असं माझी मैत्रीण प्राजू म्हणते. माझा एक आहे, उजव्या कानामागे, आईच्या पार्लरच्या आरशात सापडलेला. त्या एका केसाच्या जोरावर मी हे फोनवर टाईप करतेय, माजिवड्याच्या ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर उरलेल्या वीस मिनिटांत. बोटं भराभर चालतात माझी, डोकं मागून येतं, त्यामुळे कुठे धावले तर समजून घ्या. मला एकाच वर्षाबद्दल सांगायचंय, अकरावीतल्या. खरं तर त्या वर्षातल्या एका फ्लेक्सबद्दल. पण फ्लेक्सपर्यंत पोचायला आधी आमच्या घरातून जावं लागेल.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, पहिल्या मजल्यावर, आणि त्याचा पुढचा अर्धा भाग घर नव्हताच, पार्लर होता. मधे एक जाड निळा पडदा. पडद्याच्या अलीकडे वॅक्सचा, स्टीमरच्या वाफेचा आणि गुलाबपाण्याचा वास, पलीकडे फोडणीचा. कुटासाठी शेंगदाणे भाजायला घेतले की फेशियल करून घेणाऱ्या बायका डोळ्यांवर काकडी ठेवलेली असतानाच विचारायच्या, काय गं आज, शेंगोळे का. आईची थ्रेडिंगची पद्धत जुनी होती, दोऱ्याचं एक टोक दातात धरून. त्यामुळे आई दिवसातले चारपाच तास बोलूच शकायची नाही. बायका बोलायच्या आणि आई दातात दोरा धरून नुसती गुणगुणायची, चर्चमधल्या गाण्यांच्या चाली, शब्द नसलेल्या. अख्ख्या एरियातल्या बायकांना वाटायचं की साळवेबाईंसारखं ऐकून घेणारं कोणी नाही. मला काही सांगायचं झालं तर ती दोरा न सोडता सांगायची. 'शुवी, कुकल बंद कल.' माझं नाव सुवार्ता, घरात सुवी, आणि थ्रेडिंगच्या वेळेत शुवी.

पप्पा खोपटच्या एसटी डेपोत पेंटर. ठोकलेल्या, पोचे आलेल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या. पुट्टी भरायची, घासायचं, मग रंग. रंग जुळवण्यात पप्पांचा हात कोणी धरू शकायचं नाही. ते म्हणायचे, नवा लाल आणि सहा वर्षं उन्हात फिरलेला लाल यात काका-पुतण्याइतका फरक असतो, ठिगळ मारायचं तर काकाच्या गालाला काकाचाच रंग पाहिजे. बोलायचे नगरचं, डेपोत इतकी वर्षं काढूनसुद्धा. गाव राहुरीजवळ, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. रविवारी आम्ही तिघं पप्पांच्या स्कूटरवरून पत्रीपुलाच्या ट्रॅफिकमधून कल्याणच्या चर्चला जायचो, परत आल्यावर मटण, बाजरीची भाकरी, कांदा, काकडी, गाजर. बीट कधी नाही. आमच्या घरी बीट यायचंच नाही. मला वाटायचं आईला आवडत नाही. ही बीटाची गोष्ट लक्षात ठेवा, मी तेव्हा ठेवली नव्हती.

आता माझा गाल. डावा. डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत एक मोठी जन्मखूण आहे, तांबूस तपकिरी, कडा वेड्यावाकड्या. ओशाळत नाही सांगताना, आता. पप्पांनी मी लहान असताना ठरवून टाकलेलं की हा नगर जिल्ह्याचा नकाशा आहे. मला मांडीवर घेऊन बोट ठेवून सांगायचे, 'हे बघ, डोळ्याखाली कोपरगाव. हे श्रीरामपूर. हे इथं मधोमध, आपलं राहुरी. आन् हे खाली जबड्यापाशी जामखेड. बाकीच्या पोरींना जिल्हा पाठ करावा लागतो, तू घेऊनच आली.' मी तिसरीपर्यंत खरंच समजायचे की प्रत्येकाच्या अंगावर कुठेतरी त्याच्या पप्पांचा जिल्हा असतो. भूगोलाच्या तासाला बाईंनी नकाशा लावल्यावर मी हात वर करून गाल दाखवला होता. वर्ग हसला तेव्हा मला कळेना की राहुरी चुकलं की काय.

बिल्डिंगमधल्या बायकांचं म्हणणं वेगळं होतं. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू फार चांगल्या, मला अजून उकडीचे मोदक पाठवतात. पण खुर्चीत बसल्या की हळहळायच्या. 'तेव्हा ग्रहण पाळलं असतंस ना गं. सांगितलं होतं मी तुला.' आमच्यात ग्रहण पाळत नाहीत. आई पोटुशी असताना ग्रहण आलेलं आणि तिने पाळलं नाही, म्हणून पोरीच्या गालाला ग्रहण लागलं, असा तो सगळा हिशोब. आईच्या दातात दोरा. उत्तर देताच यायचं नाही. ती फक्त दोरा ओढत राहायची, आणि काकू घरी जायच्या तेव्हा त्यांची एक भुवई दुसरीपेक्षा जरा बारीक असायची.

मला जे कळायचं नाही ते हे, की माझी आई डाग झाकण्यात एक नंबर. लग्नसराईत खडवलीपासून नवऱ्या यायच्या तिच्याकडे. भाजल्याची खूण, टाके, वांग, सगळं ती असं घालवायची की सासरचे मागून फोटो बघून म्हणत असतील, अरे, होतं तरी कुठे. आणि माझ्या गालाला तिने कधी बोट लावलं नाही. सातवीत गॅदरिंग होतं, मी म्हटलं, 'आई, एकदाच.' ती म्हणाली, 'नको. कातडी खराब होते.' मला वाटलं, माझा डाग तिच्याही हाताबाहेरचा आहे. किंवा फाउंडेशन महाग आहे. दोन्हीतलं एक खरं असेल म्हणून मी गप्प बसले आणि केस डाव्या बाजूला मोकळे सोडायला शिकले.

देवाशी मात्र मी रोज बोलायचे. मार्थामावशीने शिकवलेलं. मार्थामावशी म्हणजे चर्चच्या तिसऱ्या बाकाची मालकीण. रिटायर्ड नर्स, लग्न केलं नाही, चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं. आम्हा पोरांकडून वचनं पाठ करून घ्यायची. देवाने माणसाला स्वतःच्या प्रतिरूपाचं बनवलं, या अर्थाचं वचन मी सहा वर्षांची असताना न अडखळता म्हटलं आणि मला कंपासपेटी मिळाली. पेटी दहावीपर्यंत पुरली. वचन तिच्या आधीच कुठेतरी हरवलेलं, कारण रोजच्या प्रार्थनेत आमेनच्या आधी मी एक ओळ हळूच घालायचे: आणि देवा, हे काढता आलं तर बघ.

दहावीनंतर मला फोन मिळाला आणि प्राजूने, म्हणजे शेजारच्या प्राजक्ताने, मला फिल्टर दाखवला. तिच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. 'थांब, हलू नकोस,' म्हणाली, आणि स्क्रीनवर माझा गाल कोरा झाला. मी मान वळवली, तोही वळला, कोराच. मी हसले, तोही हसला. इतकी वर्षं मागितलेलं एका सेकंदात. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं, आणि फिल्टरमध्ये रडतानासुद्धा मी छान दिसत होते.

मग मी गाण्यांचं पेज काढलं. गायचे तर मी लहानपणापासून, आवाज आईचा आहे. रोज एक ख्रिस्ती गीत, एक मिनिटाचं, पार्लर बंद असताना निळ्या पडद्यासमोर उभं राहून. पेज वाढलं. नुसतं वाढलं नाही, पळालं. कुठून कुठून लोक ऐकायला लागले, मराठवाड्यातले, गोव्यातले, दुबईतले कोणी ड्रायव्हर. चर्चच्या तरुण संघात माझा भाव वधारला. आईपप्पा फोनवाले नव्हते, त्यांना वाटायचं पोरगी देवाची गाणी गाते, बरंय. आणि मी खरंच मनापासून गायचे, ते नाटक नव्हतं. पण गाणं टाकून झालं की मी कमेंट वाचत बसायचे, आणि ज्या कमेंट मी परत परत वाचायचे त्या आवाजाबद्दलच्या नसायच्या. 'ताई, देवाने तुम्हाला किती सुंदर चेहरा दिलाय.' 'निष्कलंक सौंदर्य, देवाची कृपा.' जो चेहरा देवाने दिलाच नव्हता त्याबद्दल लोक देवाचे आभार मानत होते, आणि मी खाली आमेन लिहीत होते.

त्या दिवसांत मी आरशात बघणं जवळजवळ सोडलं. घरात तीन मोठे आरसे असताना. केस विंचरायलाही फोन धरायचे. प्रार्थनेतली ती ओळही बंद झाली, मागायची गरजच उरली नव्हती. हळूहळू प्रार्थनाच बंद झाली. मला वाईटही वाटलं नाही, हेच मला आता जास्त लागतं. एकदा पप्पांनी माझ्याच फोनमध्ये माझं एक गाणं बघितलं. ऐकलं शेवटपर्यंत. मग म्हणाले, 'आवाज झ्याक आलाय.' थोडं थांबून, 'राहुरी कुठंय गं?' मी म्हटलं, 'पप्पा, लाईट आहे तो.' ते म्हणाले, 'असंल,' आणि बूट काढायला बसले.

डिसेंबर लागला. नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये गीतसंध्या असायची, त्या वर्षी तरुण संघाने ती मोठी करायची ठरवली. बाहेरच्या लोकांनाही बोलवायचं. संघाचा लीडर सॅमदादा, मनाने सोनं पण घाईचा, त्याने कोणाला न विचारता माझ्या पेजवरून फोटो उचलला आणि फ्लेक्स करून आणला. आमच्याकडे फ्लेक्सचं कौतुक काय सांगायचं, चौकाचौकात वाढदिवसाचे असतात, कुत्र्याचा वाढदिवससुद्धा मी वाचलाय. पण चर्चच्या गेटला, दहा फुटी, कुणा माणसाचा चेहरा हे पहिल्यांदाच. वर 'नाताळ गीतसंध्या', खाली तारीख-वेळ, नाव नाही. सॅमदादाचं म्हणणं, 'नाव कशाला, सगळे ओळखतात.'

आम्ही स्कूटरवरून उतरलो आणि तो फ्लेक्स बघितला. दोन्ही गाल दुधासारखे. मला आनंद झाला आणि मी केस डाव्या गालावर ओढून घेतले, दोन्ही एकदम. आई फ्लेक्सकडे बघत राहिली, रोज पन्नास चेहरे हाताळणारी बाई, तिला एका नजरेत कळलं असणार. ती काही बोलली नाही. दातात दोरा नव्हता तरी.

उपासना झाली, आशीर्वादाच्या आधी सूचना असतात. पाळकसाहेबांनी गीतसंध्येची सूचना दिली, आणि कोणाला काही विचारायचंय का, असं सवयीने म्हणाले. त्यावर कोणी कधी काही विचारत नाही. त्या दिवशी मार्थामावशी उभी राहिली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि त्या नव्या नजरेने ती महिनाभर सगळ्यांच्या चुका काढत फिरत होती, कोणाच्या शर्टाचं बटण, वेदीवरच्या फुलांतली अळी.

'पाळकसाहेब,' ती म्हणाली, 'आमच्या सुवीचं काय चुकलं ते सांगा.'

पाळकसाहेब गोंधळले. 'कोणाचं, बाई?'

'सुवार्ताचं. साळव्यांच्या. दरवर्षी नाताळचं गाणं ती म्हणते. या वर्षी गेटवर कुठली बाहेरची पोरगी लावलीत. गोरीगोमटी आहे, असू द्या. पण आपल्या लेकराचं गाणं काढून परक्याला द्यायचं, हे मंडळीत बसतं का?'

मी बाकावर खाली सरकले. सॅमदादा मागून उठला, लाल झालेला. 'मावशी, अगं, ती सुवीच आहे.'

'कोण?'

'फ्लेक्सवरची. आपली सुवीच ती.'

मावशीने पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने चालत बाहेर गेली. सत्तरी ओलांडलेली बाई, हळू चालायची. तेवढा वेळ दीडदोनशे माणसं नुसती बसून. आईने माझा हात धरला. मावशी परत आली, तितक्याच हळू, आणि तिसऱ्या बाकापाशी थांबून म्हणाली, 'नाही.'

'मावशी, जाऊ दे ना आता,' सॅमदादा.

'तू गप. मी ओळखते सुवीला. ही जन्मली तेव्हा ड्युटीवर मी होते. हिला पहिल्यांदा हातात मी घेतली, आईच्याही आधी. गालाला हे होतं. मला वाटलं, रक्त लागलंय. ओल्या कापसाने पुसलं. जाईना. परत पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला घेतलं तेव्हा ती डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली, आणि मला कळलं, हे पुसायचं नाहीये. हे तिचं आहे.' मग जरा दम घेतला. 'फ्लेक्सवरची पोरगी चांगली असेल. मी तिला ओळखत नाही.'

आणि बसली. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, त्यांना दुसरं काय सुचणार. मावशी माझा अपमान करायला उभी राहिली नव्हती, माझ्यासाठी भांडायला राहिली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी गेटबाहेर येईपर्यंत मी ठरवलेलं की मी मेले तरी त्या संध्याकाळी गाणार नाही. फ्लेक्ससारखी दिसत नव्हते, आणि माझ्यासारखी दिसायची हिंमत नव्हती. मधे कुठे उभी राहणार.

तो आठवडा आमच्या घरी नाताळच्या फराळाचा. करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा. एरवी करंजीची कड मुरडायला मी पुढे, त्या वर्षी आईने एकटीने मुरडल्या. सॅमदादा घरी येऊन माफी मागून गेला, म्हणाला फ्लेक्स उतरवतो. पप्पा म्हणाले, 'राहू दे. पैशे घातलेत.' पेजवर लोक लिहीत होते, आम्ही येतोय. खडवलीची एक बाई मुलीला घेऊन येणार होती, तिने तीनदा लिहिलं. प्राजू म्हणाली, 'अरे यार, मेकप कर ना. घरात पार्लर आहे तुझ्या. लोकांना लोखंड मिळत नाही, तू सोन्याच्या खाणीत बसलीयेस.'

तेच मी रविवारी दुपारी आईला सांगितलं. पप्पा जेवून लगेच डेकोरेशनच्या नावाखाली कल्याणला गेलेले. मी म्हटलं, 'फ्लेक्ससारखी कर मला. नाहीतर मी जात नाही.'

आईने पार्लरचं दार आतून लावलं. 'बस,' म्हणाली. नवऱ्यांना बसवायची त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले. तिने केस मागे घेतले, क्लिप लावल्या, दोन्ही गाल उघडे. आरशात बऱ्याच महिन्यांनी माझी माझ्याशी गाठ. आईने डब्या काढल्या, मनगटावर रंग जुळवून बघितला आणि जबड्याकडून सुरू केलं. जामखेड गेलं. तिचा हात हलका, पाकळी ठेवल्यासारखा. राहुरीपाशी आली आणि थांबली.

'बीट कापत होते मी,' ती म्हणाली.

मला कळेना. 'कधी?'

'ग्रहणाच्या दिवशी. सातवा महिना. कुलकर्णीकाकूंनी वरून हाक मारली, सुरी ठेव, आत जा. मी म्हटलं, आमच्यात नाही पाळत. तेवढ्यावर गप्प बसायचं ना. मी मुद्दाम खिडकीत पाट घेऊन बसले, सगळ्यांना दिसेल असं. मोठी देवावर विश्वास ठेवणारी. हाताला सगळा लाल रंग लागलेला.' ती स्पंजकडे बघत होती, माझ्याकडे नाही. 'मग तू झालीस. मला माहितीये गं, तसं काही नसतं. देव असा नाही. रोज सांगते मनाला. पण रोज विचारतेही, माझ्यामुळे का. तुला मेकप लावायला घेतला की वाटायचं, मी तिचा गाल नाही, माझा गुन्हा झाकतेय. म्हणून नाही लावला कधी. तुला वाटलं असेल, आई दुष्ट.'

'फाउंडेशन महाग असेल असं वाटलेलं,' मी म्हटलं.

आई हसली आणि त्यातच रडायला लागली. मी तिला रडताना फार कमी बघितलंय. मग डोळे पुसून तिने स्पंज परत उचलला, धंद्यातली बाई, काम अर्धं सोडत नाही. 'सांग,' म्हणाली, 'फ्लेक्ससारखी करू, का तुझ्यासारखी करू? तू सांगशील ते करते. मनापासून करते.'

मी आरशात बघितलं. अर्धा जिल्हा गेलेला, अर्धा राहिलेला. मला त्या क्षणी काही दिव्य वगैरे दिसलं नाही. एवढंच डोक्यात आलं, की हे झाकून मी घराबाहेर पडले, तर आई रोज जो प्रश्न विचारते त्याचं उत्तर 'हो' होईल. हो, तुझ्यामुळे. हो, डागच आहे. आणि मावशी आठवली, ओला कापूस धरलेली, आणि एक दिवसाची मी तिच्याकडे बघतेय. मला कोणीतरी आधीच बघितलं होतं, पूर्ण, आणि ठीक आहे म्हटलं होतं. मावशीच्याही आधी कोणीतरी. कंपासपेटीवालं ते वचन मला तेव्हा, खुर्चीत, क्लिपा लावलेल्या अवस्थेत, पहिल्यांदा स्वतःबद्दलचं वाटलं.

'कापूस दे,' मी म्हटलं.

मी स्वतः पुसलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फाउंडेशन सगळं कापसावर आलं. बाकीचं आलं नाही. मग आईने माझं तोंड साध्या पाण्याने धुतलं, लहानपणी धुवायची तसं, मानेपर्यंत, आणि केसांची वेणी घातली. डावीकडे एकही बट मोकळी सोडली नाही.

रिक्षाने पोचलो तेव्हा चर्चच्या गेटवर घोळका होता आणि सगळ्यांच्या माना वर. शिडी लावलेली. शिडीवर पप्पा. डेपोतला खाकी शर्ट, हातात बारीक ब्रश, खिशाला अडकवलेला रंगाचा छोटा डबा. डबा दुकानातून विकत आणलेला, पप्पा डेपोतला खिळाही घरी आणायचे नाहीत. फ्लेक्सवरच्या त्या कोऱ्या डाव्या गालावर कोपरगाव झालं होतं, श्रीरामपूर झालं होतं, आणि ते राहुरी भरत होते. रंग तंतोतंत. तांबूस, त्यात तपकिरी, कडेला जरासा फिका, जसा आहे तसा. खाली सॅमदादा शिडी धरून उभा, आणि त्याच्या शेजारी मार्थामावशी चष्मा लावून सुपरवायझर. 'साळवे, ती जबड्याची कड अजून थोडी खाली,' ती सांगत होती. पप्पा म्हणाले, 'माहितीये मावशी. जामखेड ऱ्हायलंय अजून.' मी तिथे उभी होते, दहा पावलांवर, आणि त्यांनी एकदाही मागे वळून माझ्या गालाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

एका बाईने मला हात लावला. सोबत आठनऊ वर्षांची मुलगी. 'ताई, आम्ही खडवलीवरून आलो. ती गाणारी मुलगी आली का हो?'

'मीच,' मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. मग वर फ्लेक्सकडे. मग परत माझ्याकडे. पप्पांनी जामखेड संपवलं, ब्रश पुसला आणि शिडीवरूनच म्हणाले, 'आता बघा बरं जुळतंय का.' मुलगी म्हणाली, 'जुळतंय.'

गायले मी. पुढे सगळं गोड झालं असं नाही. मी फिल्टरशिवाय गाणी टाकायला लागले तेव्हा पेज अर्ध्यावर आलं, कोणी लेझर क्लिनिकचे पत्ते पाठवले, एकाने प्रार्थनेने बरं करून देतो म्हणून नंबर दिला. अजूनही काही दिवस असे येतात की मी ऑफिसच्या लिफ्टच्या आरशाकडे पाठ करून उभी राहते. मग प्रार्थनेत तेच सांगते, की आज पाठ केली. ती जुनी ओळ मात्र परत घातली नाही. त्या नाताळच्या जेवणात मटणासोबत ताटात बीटाची कोशिंबीर होती. मी आईकडे बघितलं, आई म्हणाली, 'खा गपचूप. रक्त वाढतं.'

फ्लेक्स पप्पांनी घरी आणला. आमच्याकडे फ्लेक्स टाकत नाहीत, उन्हाळ्यात गच्चीवर त्याच्यावर पापड-कुरडया वाळत घालतात. आई पांढरी बाजू वर करून अंथरते, पण उचलताना दरवर्षी तो उलटा होतो आणि मी आकाशाकडे बघत पडते. सात उन्हाळे झाले. गच्चीवर घासून घासून शाई उडत गेली, आधी ओठ, मग डोळे, तो दुधासारखा उजवा गाल. आता तिथे कोणाचा चेहरा होता हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पप्पांचा रंग तेवढा पक्का बसलाय. मागच्या मे महिन्यात कुलकर्णीकाकू कुरडया उचलायला मदत करत होत्या, फ्लेक्स उलटला, तर म्हणाल्या, 'अगं, हे काय गं, नकाशा आहे का कसला?'

आईच्या दातात दोरा नव्हता. 'नगर जिल्हा आहे,' ती म्हणाली. 'मधलं ते आमचं राहुरी.'